रुंदीने शंभर फूट

शहराची भरभराट रस्त्यांच्या रुंदीवर अवलंबून असते, हे सर्व सुधारलेल्या देशांनी आता मान्य केले आहे. (जे देश सुधारलेले नाहीत त्यांना विचारण्यात आलेले नाही.) अरुंद गल्लीत माणूस सावकाश चालतो, ओळखीचा दिसला की थांबतो, थांबला की बोलतो, आणि बोलण्यातून राष्ट्रीय उत्पन्नात काडीची भर पडत नाही. रुंद रस्त्यावर ओळखीचा माणूस दिसला तरी तो पलीकडच्या बाजूला असतो आणि मधून टांगे जात असतात. साहजिकच दोघेही मुकाट्याने आपापल्या कामाला लागतात. अर्थशास्त्र म्हणतात ते हेच.

इंदूरला हा विचार शरदचंद्र साहेबांनी आणला. मध्यभारत राज्य तेव्हा नुकतेच झाले होते. राज्याला राजधान्या दोन होत्या, उन्हाळ्यात इंदूर आणि हिवाळ्यात ग्वाल्हेर. त्यामुळे सरकारचे निम्मे आयुष्य सामान बांधण्यात आणि निम्मे ते सोडण्यात जाई, आणि मधल्या फटीत राज्यकारभार चाले. अशाच एका फटीत ‘नगर-उत्कर्ष कार्यालय’ स्थापन झाले. विलायतेत शहरे पाहून आलेले शरदचंद्र साहेब त्याचे प्रमुख झाले, आणि होळकरांच्या बांधकाम खात्यात ज्यांची उमेदीची वर्षे गेली होती ते श्रीपाद मिरीकर हेड ड्राफ्ट्समन.

श्रीपादरावांचा हात असा होता की पट्टी न लावता ओढलेली रेघही सरळ येई. त्यांच्यात आणखी एक गोष्ट होती, तिला गुण म्हणावे की नाही ह्याबद्दल कार्यालयात दुमत होते. सांगितलेली रेघ ते सांगितल्या जागीच ओढत.

साहेबांची योजना साधी होती. परदेशीपुऱ्यातल्या गिरण्यांपासून थेट सांवेर रोडपर्यंत शंभर फूट रुंदीचा रस्ता. गल्ली वीस फूट असली तर माणशी उत्पन्न किती, चाळीस फूट असली तर किती, असा तक्ता त्यांनी स्वतः तयार केला होता. शंभर फुटांना जो आकडा निघाला तो इतका मोठा होता की साहेबांनी नम्रतेने त्यातले एक शून्य काढून टाकले.

एका सकाळी मोठ्या टेबलावर शहराचा नकाशा पसरला गेला आणि श्रीपादरावांनी रेघ ओढायला घेतली. गिरण्यांची भिंत, कामगारांच्या चाळी, पाण्याची टाकी, असे करत पेन्सिल दफेदार गल्लीपाशी आली आणि थांबली.

“का थांबलात?” साहेबांनी विचारले.

“इथे एक घर आहे, साहेब.”

“शहर म्हटलं की घरं असायचीच, मिरीकर.”

“माझं आहे.”

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. “म्हणजे राज्याच्या उत्कर्षाला तुमचा प्रत्यक्ष हातभार लागणार. मला तुमचा हेवा वाटतो,” ते म्हणाले. (साहेब स्वतः सरकारी बंगल्यात राहत. हेवा वाटायला तेवढे अंतर लागतेच.)

श्रीपादरावांनी पेन्सिल उचलली नाही. रेघ त्यांच्या अंगणातून, माजघरातून आणि देवघरातून पुढे गेली.

घरी त्यांनी ही गोष्ट जेवताना सांगितली. त्यांची पत्नी शालिनी पुढच्या खोलीत शिवणवर्ग चालवी. गिरणीतल्या कामगारांच्या बायका दुपारी तिथे येत आणि झबल्यापासून पोलक्यापर्यंत सगळे शिकून जात. ती वाढता वाढता थांबली.

“रेघ जराशी सरकवायला काय लागतं?”

“रबर.”

“घरात आहे की. देऊ का?”

“सरकवली तर शेजारी शंकररावांच्या घरातून जाईल.”

“त्यांना काय, दोघंच तर आहेत,” शालिनी म्हणाली, आणि लगेच तिचा चेहरा उतरला. “असं नव्हतं म्हणायचं मला.”

श्रीपादरावांचे वडील अप्पासाहेब हे होळकरांच्या दरबारात कारभारी होते. त्यांनी ताकाचा भुरका घेऊन सांगितले, “आमच्या वेळी रस्ता आधी होत असे. नकाशा मागाहून. रस्ता वाकला तर नकाशाही वाकायचा. भांडण नव्हतं.”

योजना जाहीर झाली आणि श्रीपादराव, ज्यांना गल्लीत आजवर कोणी वेळही विचारली नव्हती, ते एका दिवसात मिरीकरजी झाले. डाव्या बाजूला गेंदालालची पिठाची चक्की होती आणि उजवीकडे शंकररावांचे घर. शंकरराव गिरणीत टाइमकीपर. दोघेही संध्याकाळी ओसरीवर येऊन बसले.

“भियाजी, चक्की गई तो मैं गया,” गेंदालाल म्हणाला. “रोड को ज़रा उधर सरका दो.”

“आमच्याकडे बघून काय बोलून राहिले?” शंकरराव म्हणाले. “मिरीकरजी, तुम्ही बिलकुल ऐकू नका ह्यांचं. मागच्या बाजूने घ्या ना रस्ता, मागे तर कोणी आपलं माणूस नाही राहत.”

हा योजनेचा पहिला टप्पा. ह्या टप्प्यात सर्व नागरिक रस्त्याच्या विरुद्ध होते आणि त्यांच्यात अभूतपूर्व ऐक्य होते.

मग कोणी तरी हिशेब केला, की शंभर फुटी रस्त्याला लागून असलेल्या जागेचा भाव काय होईल. ही बातमी गल्लीत शिरल्यावर दुसरा टप्पा सुरू झाला. तीच माणसे त्याच ओसरीवर परत आली. आता रस्ता सर्वांना हवा होता. अट इतकीच की तो आपल्या घराला चिकटून, पण शेजाऱ्याच्या घरातून जावा. परदेशीपुऱ्यापासून सांवेर रोडपर्यंत जेवढी घरे होती तेवढ्या सर्वांची मागणी शब्दशः हीच होती. एका शहराचे इतके एकमत लोकशाहीच्या इतिहासात क्वचितच झाले असेल.

कार्यालयाने लोकमताचा आदर केला. ज्याला आपले घर वाचवायचे असेल त्याने रीतसर अर्ज करावा, असे ठरले. उन्हाळ्यात सरकार इंदुरात असे, तेव्हा इंदूरचे वजनदार लोक रेघ पश्चिमेला ढकलत. हिवाळ्यात ग्वाल्हेरला इंदूरच्याच लोकांचे व्याही, साडू आणि वर्गबंधू तिला पूर्वेला ढकलत. जिथे कोणाचेच चालेना तिथे ती नुसती पुसून टाकत. साहेबांनी ह्याला ‘लवचिक नियोजन’ असे नाव दिले आणि त्यावर एक व्याख्यान दिले.

अर्थव्यवस्थेवर मात्र परिणाम झाला, आणि तो अगदी खरा होता. रेघ जिकडे सरके तिकडच्या जमिनी हातोहात विकल्या जात. विकणारे पेढे वाटत, घेणारेही वाटत. दलाल, वकील आणि पेढेवाले ह्या तीन उद्योगांची वाढ त्या वर्षांत दूरच्या मानपूर गावापर्यंत जाणवली. रस्ता अजून एक इंचही झालेला नव्हता. तो झाला असता तर ही सगळी उलाढाल थांबली असती, हे जाणकारांना तेव्हाच कळले होते.

अर्ज न करणारा माणूस एकच निघाला.

“सगळ्यांनी केला,” शालिनी म्हणाली. “तुम्ही तेवढे कोण लागून गेलात?”

“स्वतःच्या कार्यालयात स्वतःसाठी अर्ज करणं बरं दिसत नाही.”

“कोणाला बरं दिसत नाही?”

ती मशीनवर जाऊन बसली, आणि कापड न घालताच तिने बराच वेळ पाय चालवले.

शेवटी श्रीपादराव एकदा मनाशी ठरवून साहेबांच्या खोलीत गेले. ते तोंड उघडणार तोच साहेब खुर्चीतून उठले, समोर बसलेल्या पाहुण्यांना म्हणाले, “हे मिरीकर. ह्या शहरात एकच नागरिक आहे, तो हा.” पाहुण्यांनी उठून हात मिळवला. श्रीपादरावांना त्या क्षणी इतके बरे वाटले की ते कशाला आले होते तेच त्यांना सांगता येईना. (प्रामाणिकपणाचे व्यसन दारूइतकेच वाईट. फरक एवढाच की ते सुटावे म्हणून घरच्यांना कुणापुढे रडता येत नाही.)

पुढे पंचवार्षिक योजनेची मुदत संपत आली आणि दिल्लीहून विचारणा झाली, की इंदूरचा तो शंभर फुटी रस्ता कुठवर आला. नकाशा पुन्हा उघडला. लांबलचक रेघ होती ती सगळी खोडरबराने गेलेली. एका जागी मात्र ती जशी ओढली होती तशी, काळीभोर आणि सरळ शिल्लक होती. मिरीकरांच्या प्लॉटवर.

साहेब मनाने खचले नाहीत, बुद्धीने तर नाहीच. “आपण टप्प्याटप्प्याने जाऊ,” ते म्हणाले.

घर पाडायला दोन दिवसही लागले नाहीत. शिवणवर्गाच्या बायका मशीन उचलायला आल्या होत्या. शालिनी रडली नाही. तिने दाराची कडी तेवढी मुकादमाकडून मागून घेतली. श्रीपादराव पावसाळी चपला घालून उभे होते आणि कामगारांना हद्द दाखवत होते, कारण हद्द त्यांच्याइतकी कोणालाच ठाऊक नव्हती.

असा तो रस्ता झाला. प्लॉट गल्लीपासून मागे शंभर फूट खोल होता, त्यामुळे रुंदी शासनाने ठरवल्याप्रमाणे पुरेपूर भरली. लांबी घराच्या दर्शनी भागाइतकी, म्हणजे साधारण तीस फूट. रुंदीपेक्षा लांबी कमी असलेला रस्ता बाहेरच्या देशांतही नाही, असे साहेबांनी भाषणात सांगितले. त्याच्या एका टोकाला गेंदालालची भिंत होती आणि दुसऱ्या टोकाला शंकररावांची. रस्त्यावर यायचे तर गल्लीतून, म्हणजे बाजूने, यावे लागे. दोन्ही टोके बंद असल्याने वाहतुकीची कोंडी तिथे आजतागायत झालेली नाही.

उद्‌घाटनाला फीत कापण्याचा मान भूमिदाते म्हणून अप्पासाहेबांना दिला. त्यांनी दरबारी पगडी घातली होती. फीत कापून ते नव्या डांबरावरून हळूहळू चालू लागले, मागून मंत्रिमहोदय, साहेब आणि मंडळी. मध्यावर, डावीकडे जरा सरकून, अप्पासाहेब थांबले, वाकले आणि त्यांनी पायांतल्या वहाणा काढल्या. तिथे देवघर होते. मागच्या मंडळींना वाटले हा समारंभाचाच भाग असेल. सगळ्यांनी बूट काढले. मंत्रिमहोदयांना लेस सोडायला वेळ लागला, तोवर सर्वजण तापलेल्या डांबरावर उभे राहिले. श्रीपादराव तेवढे रस्त्याच्या कडेला तोंड फिरवून उभे होते.

आणि भरभराट झाली. कोणीही जाऊन पाहावे. गेंदालालने भिंत फोडून रस्त्याच्या बाजूला तीन दुकाने काढली. शंकररावांनी वर मजला चढवला आणि खाली लॉज घातले, त्यावर ‘मेन रोड’ असा पत्ता रंगवला. टांगेवाले उभे राहू लागले, कारण उभे राहायला एवढी रुंद जागा शहरात दुसरी नव्हती. साहेबांच्या तक्त्यातले काढलेले शून्य परत घालावे लागले.

मिरीकर कुटुंबाने गेंदालालच्या माडीवर भाड्याने जागा घेतली. “भियाजी, आपसे ज़्यादा क्या लेना,” गेंदालाल संकोचून म्हणाला, “पर अब ये रोड-टच है.” शालिनीने मशीन खिडकीशी लावले. त्या खिडकीतून पूर्ण रस्ता दिसतो. मान वळवावी लागत नाही.

पुढे मध्यभारत हे राज्यच राहिले नाही. राजधानी भोपाळला गेली, साहेबही गेले, नकाशा मात्र इंदुरात राहिला आणि त्याबरोबर श्रीपादराव. संध्याकाळी त्यांच्याकडे लोक येतात. मास्तर, डॉक्टर, वाचनाची आवड असलेले सुसंस्कृत लोक. ही सगळी हकीकत ऐकतात, जिथे हसायचे तिथे हसतात, अप्पासाहेबांच्या वहाणांपाशी डोळे टिपतात आणि फार अन्याय झाला म्हणतात. मग जिना उतरता उतरता थांबतात आणि आवाज खाली आणून विचारतात, की पुढचा टप्पा साधारण कुठून निघेल.

सुरुवातीला श्रीपादरावांना ह्याचा राग येई. आता येत नाही. आपणही इथवर हळहळत आलात, त्याबद्दल ते आभारी आहेत. जाताना आपला प्लॉट कुठे आहे तेवढे सांगून ठेवा. शेजाऱ्याचे नाव ते विचारणार नाहीत. ते आपण आपणहून सांगाल.