नत्थूजींचा दुखरा खांदा

नत्थूजींच्या फियाटमध्ये घंटी आहे. हॉर्न वेगळा, घंटी वेगळी. मागच्या सीटवरून छताला लागून एक दोरी जाते आणि ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या पितळी घंटीला बांधलेली असते. एक टोला पडला की थांबायचं, दोन पडले की निघायचं. नत्थूजींनी जन्मभर एसटीत कंडक्टरकी केली. गाडी आता त्यांची स्वतःची, पण पुढच्या सीटवर ते कधी बसले नाहीत. "कंडक्टर पुढे बसला तं मांगचं कोन पायीन?" असं विचारतात. मागं दुसरं कुणी नसतंच, हे त्यांना सांगायची माझी टाप नाही.

टाप नाही, कारण त्यांचं मी खाल्लंय आणि अजून खातोय. मी जत तालुक्यातला. सातवीतनं शाळा सोडून ट्रकवर क्लीनर म्हणून चढलो, पुढं ड्रायव्हर झालो. दुसरं मला काही येत नाही. भंडाऱ्याजवळच्या शहापूरला हायवेवर ट्रक उलटला आणि डावं कोपर मोडलं. भंडाऱ्याच्या दवाखान्यात शेजारच्या खाटेवर नत्थूजींचा साडभाऊ, म्हणजे साडू, होता. त्याला ते डबा आणायचे: भात, लाखोरीची डाळ, वर परत भात. साडभाऊ बरा होऊन घरी गेला. डबा मात्र येतच राहिला. मी म्हटलं, "काका, तुमचा पेशंट गेला की."

"डब्याची फेरी लागली हाय ना," ते म्हणाले. "लागलेली फेरी अशी एकदम रद्द नाई करता येत."

कोपर जुळलं, पण हातात जोर येईना. दवाखान्यात व्यायाम घेणाऱ्या बाईंनी रोज थोडा थोडा भार द्यायला सांगितलं होतं. मी भीतीनं हात गळ्यातच ठेवायचो. भावाच्या संसारात असा निकामी हात घेऊन जायचंही धाडस होईना. तेव्हा नत्थूजी मला मोहाडीला आपल्या घरी घेऊन गेले. गल्लीत कुणी विचारलं, हा कोण, तर लोक सांगत, "तो ॲक्सिडेंटवाला." नत्थूजी सांगत, "डायवर हाय." मला पाण्याचा गिलास धरता येत नव्हता तेव्हापासून सांगत. ऐकून बरं वाटायचं, आणि लगेच मनात यायचं: हात आलाच नाही तर मी कसला डायवर? मग मला हे इथं कशाला ठेवतील?

फियाट अंगणातल्या पत्र्याच्या शेडखाली उभी असायची. नत्थूजी आणि त्यांचे शालिक डायवर वर्षानुवर्षं एकाच एसटीवर ड्यूटीला होते, आणि रिटायर झाल्यावर दोघांनी मिळून ही फियाट घेतली होती. शालिकनं चालवायची, नत्थूजींनी मागं बसून घंटी द्यायची. तसे ते दोघं खूप फिरले. मग शालिक वारले आणि गाडी थांबली ती थांबलीच. नत्थूजी दर रविवारी टायरात हवा भरत, काचा पुसत, पण आतल्या आरशाला कुणाला बोट लावू देत नसत. "शालिकनं लावला हाय थो. ह्या गाडीचा एक इस्क्रू बी बदलनार नाई."

आणि एका सकाळी हाच माणूस चहा पिता पिता म्हणाला, "स्टेरिंग बदलून टाकू म्हंतो. रॅकवालं बसवू."

मी बघतच राहिलो. "कशाला काका?"

"आता मीच शिकतो चालवाले. पन ह्या जुन्या स्टेरिंगनं माहा खांदा दुखते." आणि त्यांनी डावा खांदा चोळला.

उभ्या फियाटचं ते जुनं स्टेअरिंग फिरवणं म्हणजे खरंच जात्यात खडे दळण्यातला प्रकार होता. अय्यूबभाई मिस्त्रींनी समजावलं, की रॅक म्हणजे आडवा दांडा, त्याला दात. स्टेअरिंग फिरलं की दांडा सरकतो आणि चाकं हलकी वळतात. जुन्या मारुतीचा बसवता येईल, नाहीतर नव्या गाडीचा मोटारवाला, ज्यात विजेची मोटार जोर लावते. कुठला, ते तुम्ही ठरवा.

नत्थूजींनी ठरवायला सगळी मोहाडी कामाला लावली. गुरुजींची मारुती, तहसीलच्या साहेबांची नवी गाडी, कुणाची कुठं उभी दिसली की हे हजर. "जरा स्टेरिंग फिरवू द्या जी." बाजाराच्या दिवशी तर फुलं लावलेली गाडी अडवली. आत नवरदेव घामाघूम, आणि हे त्याच्या ड्रायव्हरला म्हणतात, "मुहूर्ताले टाइम हाय अजून, उतर."

फिरवायचं मात्र मी, आणि तेही डाव्या हातानं. "माहा डावा खांदा हाय ना, तं डाव्याचाच अंदाज पायजे." जड-हलक्याची मापं त्यांची. आपली फियाट म्हणजे "बाजाराची गाडी, टपावर बी मानसं." मारुती म्हणजे "हाफ तिकीट." साहेबांची मोटारवाली म्हणजे "रिकामी गाडी डेपोत चालली."

मी अर्थातच मोटारवाली म्हटलं. एका बोटानं फिरत होती. नत्थूजींनी तोंड वाकडं केलं. "बोटानं फिरते तं हात काय करीन? थोडा लोड पायजे. बिना लोडानं बिघडते." मला वाटलं, गाडीचं बोलतायत.

मारुतीचा रॅक ठरला. अय्यूबभाईंनी तो भंगारातनं आणून साफ केला आणि पहिल्या खेपेला अ‍ॅक्सलच्या भलत्याच बाजूला टाकला. मी स्टेअरिंग डावीकडं वळवलं, चाकं उजवीकडं गेली. मागून एक टोला पडला.

"अय्यूब, हे तं परतीची फेरी झाली बाप्पा."

"काका, घंटी अगोदर द्यायची ना. सगळं कसल्यावर देता."

"वळल्याबिगर मले कसं समजीन?"

गिअरचा दांडा स्टेअरिंगपासून काढून खाली घेऊ, काम सोपं होईल, असं अय्यूबभाई म्हणाले. त्यावर नत्थूजी नुसतं म्हणाले, "गिअर तिथंच राहीन." मग अय्यूबभाईंनी तो विषय काढला नाही.

काम रेंगाळलं. रोज संध्याकाळी नत्थूजींनी मला सीटवर बसवायचं, डाव्या हातानं फिरवायला लावायचं आणि विचारायचं, "आज किती?" मी म्हणायचो, "फुल तिकीट." काही दिवसांनी "पाऊण" म्हणालो. पुढं एकदा चहा पिताना माझ्या लक्षात आलं, की कप डाव्या हातात आहे.

नत्थूजींचा खांदा मात्र बरा होत नव्हता. आज डावा, उद्या उजवा. एकदा मी परसात गेलो तर हे दोन्ही हातांनी बांबू उंच धरून शेवग्याच्या शेंगा पाडत होते. मला बघताच बांबू टाकून कण्हायला लागले. वयाचं असेल म्हणून मी शेंगा गोळा केल्या.

रॅक नीट बसला त्या सकाळी नत्थूजी खाकी शर्ट घालून आले. चहाचा कप त्यांनी उचललाच नाही, डावा हात वर जात नाही म्हणाले. मी ड्रायव्हरचं दार उघडून उभा राहिलो. "बसा काका. आज शिकायचं ना?"

"आज नोको. खांदा लय दुखून राहिला. तूच काढ." आणि ते मागं जाऊन बसले.

मी बसलो. इंजिन चालू झालं. शहापूरचा तो रस्ता डोळ्यापुढं आला. आरशात बघितलं तर नुसतं छत. शालिक उंच असणार.

"काहून थांबला?" मागून आवाज आला.

"आरशात मागचं काही दिसत नाही, काका."

त्यांनी खिडकीकडं तोंड वळवलं. मग म्हणाले, "तुह्या हिशोबानं लावून घे, डायवर."

मी डावा हात वर नेला, तो विनातक्रार गेला. आरसा हळूहळू वळवला, तसे त्यात नत्थूजी आले. ते खिडकीबाहेर बघत होते. मग त्यांनी मान वळवून, सगळे चढले का, म्हणून दाराकडं पाहिलं. आणि सकाळी कप न उचलणारा तो डावा हात सरळ छतापर्यंत गेला. त्यांनी दोरी ओढली, दोनदा.