जूचंद्रचे आठ गोठे

"बाळ नाही म्हणजे काय? नीट बघ की, गवतात असेल!"

सुमेध फोनवर असा किंचाळला की स्वयंपाकघरात उन्नतीने गॅसच बंद केला. रविवारची सकाळ, नाताळला चार दिवस राहिलेले, आणि आपला नवरा कोणाचं बाळ गवतात शोधायला सांगतोय, हे ऐकून कोणती बायको पोहे परतत बसेल?

पलीकडून विरारचा विघ्नेश बोलत होता. "भावा, सातही खोके उघडलेत. गाय आहे, मेंढरं आहेत, तीन राजे आहेत, मरिया आहे, योसेफ आहे. मधे गवताची गादी आहे आणि गादीवर कोणी नाही. बाळ येशूच नाही तर मी गिऱ्हाइकाला काय विकू? गाय?"

सुमेध मटकन सोफ्यावर बसला.

आता हा सुमेध कोण, तर जूचंद्रच्या एका सात मजली इमारतीतला सज्जन माणूस. दिवसा विमा कंपनीत नोकरी. उरलेल्या वेळात त्याचा जोडधंदा असा, की जी वस्तू मोजकीच निघणार ती सगळ्यांच्या आधी बुक करायची आणि ज्यांना मिळाली नाही त्यांना तिप्पट भावाने विकायची. खेळण्यातल्या छोट्या गाड्या झाल्या, बूट झाले, क्रिकेटपटूंची सही केलेल्या बॅटी झाल्या. उन्नतीला हे मुळीच पटत नसे.

"अरे, तू दहा उचलल्यास म्हणून दहा जणांना मिळाल्या नाहीत ना?" ती म्हणायची.

"कोणाच्या खिशात हात घातला का मी? ज्याला हवं तो देतो. आणि त्यांना कोणी अडवलं होतं? लवकर उठायचं!"

लवकर उठायचं, हे सुमेधचं सगळं नीतिशास्त्र. त्यापुढे तो कधी गेला नाही.

तर नोव्हेंबरमध्ये उन्नतीनेच बिचारीने चूक केली. तिच्या शाळेत ॲनिशा नावाची बाई शिकवते, नंदाखालची. तिचे सासरे बॅप्टिस्ट काका केळीची वाडी सांभाळून दरवर्षी लाकडाचे चाळीस गोठे बनवतात. येशूजन्माचा देखावा, पण इथला. मरियेला लाल लुगडं, योसेफाला धोतर, छपराला माडाची झावळी, आणि तीन राजांपैकी एकाच्या खांद्यावर चक्क राजेळी केळ्यांचा घड! प्रत्येक गोठ्याच्या तळाला डाग देऊन नंबर घातलेला. उन्नतीने कौतुकाने फोटो दाखवला. सुमेधने फोटोत फक्त नंबर पाहिला.

"आपल्याला एक घेऊया ना," उन्नती म्हणाली.

"घेऊया की!" सुमेध म्हणाला आणि दुसऱ्याच दिवशी ऑफिसला दांडी मारून एकटा नंदाखालला पोचला.

बॅप्टिस्ट काकांची पद्धत सरळ होती. एका घराला एकच गोठा. वहीत घराचं नाव लिहायचं, पत्ता लिहायचा, मग गोठा न्यायचा. नऊशे रुपये, कारण लाकडालाच तेवढे पडतात. सुमेधने स्वतःचं नाव लिहिलं. मग त्याच्या डोक्यात किडा वळवळला आणि त्याने इमारतीच्या पाट्यांवरची नावं एकेक आठवून अजून सात घरं लिहिली. शेजाऱ्यांना याचा पत्ताही नव्हता.

काका वहीकडे बघतच राहिले. "जूचंद्रची आठ घरं? एकाच बिल्डिंगची?"

"आमची बिल्डिंग फार भाविक आहे हो काका," सुमेध म्हणाला. "गणपती काय, नाताळ काय, आम्हाला सगळं सारखंच."

म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. सुमेधला वाटलं, लाकडाचा भुसा गेला असेल.

सात गोठे त्याने विघ्नेशला विकले, तीन-तीन हजारांना. उन्नतीसाठी आणलेला सतरा नंबरचा तेवढा घरी ठेवला होता. पण ठाण्याच्या ब्रिटनी नावाच्या बाईने त्याला साडेचार देऊ केले, आणि सुमेधचा हात काही आवरला नाही. उन्नतीला त्याने सांगितलं, "पॉलिशला परत दिलाय." म्हणजे बघा, बायकोचाही गोठा सोडला नाही या माणसाने!

आणि आज, चार दिवस आधी, बाळ नाही.

"काय झालं रे? कोणाचं बाळ?" उन्नती झारा हातात घेऊनच बाहेर आली.

"काही नाही गं. ते... आपल्या गोठ्यात बाळ येशू नव्हता बहुतेक. राहिला असेल काकांकडे. ॲनिशाला विचार ना जरा."

उन्नतीने फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. पलीकडून ॲनिशा खळखळून हसली.

"अगं, नसणारच! जन्मच कुठे झालाय अजून? बाबा बाळं वेगळी ठेवतात. चोवीस तारखेला ज्याच्या त्याच्या घरी जाऊन स्वतःच्या हाताने गोठ्यात ठेवतात. लांबचे लोक असले तर फोन करून बोलावतात. पण यंदा बाबांनी ठरवलंय, काही झालं तरी जूचंद्रला स्वतः जायचं! आठ घरं गं उन्नती! आमच्याच आळीत नाहीत सलग आठ. कॅरोलवाली पोरं पण येणारेत, गिटार घेऊन. पाच वाजता. तू मला बोलली पण नाहीस, किती प्रचार केलास तो!"

"आठ?" उन्नती म्हणाली.

"हो, आठ!"

फोन बंद झाल्यावर उन्नतीने झारा टीपॉयवर ठेवला. अगदी हळू ठेवला. सुमेधला तेच जास्त भीतीदायक वाटलं.

"कोणाकोणाच्या नावावर घेतलेस?"

"मनोरमा काकू... प्रधान... तिसऱ्या मजल्यावरचे..."

"आणि आपला? पॉलिशला दिलेला?"

सुमेध पंख्याकडे बघायला लागला.

"तोही विकलास? माझा गोठा विकलास?" उन्नतीला धड रागवताही येईना, इतका धक्का बसला होता. "अरे, त्या माणसाने माझ्या ओळखीवर विश्वास ठेवला! मी त्या ॲनिशाच्या शेजारच्या खुर्चीवर बसते रोज. तिच्या डब्यातली भाजी खाते. चोवीसला ते म्हातारे काका बाळं घेऊन येणार आणि आठ दारं उघडून लोक विचारणार, कसला गोठा? मी तोंड कुठे लपवू?"

"आणतो परत. सगळे आणतो," सुमेध म्हणाला.

"आण. आणि एक सांगते. त्या दिवशी काकांसमोर माझ्या घरात खोटं बोललास, तर मीच खरं सांगेन."

विघ्नेशने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "देतो ना भावा. पण सहा हजार एकाचे."

"सहा? अरे, तीनला दिलेत मी तुला! आणि आता तर बाळही नाही त्यात!"

"बाळ नाही म्हणूनच तर दुर्मीळ झालाय पीस. चार जण मागे लागलेत."

"ही लूट आहे विघ्नेश! माणसाच्या अडचणीचा फायदा घेतोस?"

"मी कोणाच्या खिशात हात घातला का? तूच म्हणतोस ना नेहमी? नको असेल तर नको घेऊ."

सुमेधला आयुष्यात पहिल्यांदा या वाक्याचा संताप आला. इतका की रिक्षात बसल्यावर तो मोठ्याने म्हणाला, "निर्लज्ज!" आणि रिक्षावाल्याने मागे वळून पाहिलं. पण बेचाळीस हजार मोजून घेतलेले सात खोके मांडीवर आल्यावर त्याचं डोकं पुन्हा चालायला लागलं. काका बाळं ठेवून जातील. मग सव्वीस तारखेला हे सात गोठे बाळासकट पूर्ण! एकेकाचे आठ हजार कुठे गेले नाहीत! त्याला जरा बरं वाटलं.

ब्रिटनी मात्र बधली नाही. "मी विकायला नाही घेतलेला," एवढंच म्हणून तिने फोन ठेवला. असंही कोणी घेतं, याचं सुमेधला नवल वाटलं.

मग शेजाऱ्यांकडे फेऱ्या सुरू झाल्या. पहिली बेल मनोरमा काकूंची.

"काकू, एका संध्याकाळपुरता हा देखावा ठेवायचा. एक वयस्कर काका येतील, त्यांना सांगायचं, आम्हीच बुक केला होता."

"आम्ही कधी बुक केला?"

"तुमच्या वतीने मी केला."

"मला न विचारता? आणि पैसे?"

"पैसे नकोत हो!"

पैसे नकोत म्हटल्यावर काकूंना सगळं आठवायला लागलं. "हां हां, बोलला होतास तू मागे. बरं, गाईला गोडाचा नैवेद्य दाखवला तर चालेल ना? आणि या बाईचं लुगडं किती गोड आहे रे! अहो, गणपतीची लायटिंगची माळ काढा!"

बघता बघता इमारतीत स्पर्धाच लागली. प्रधानांनी गोठ्यापुढे रांगोळी घातली. तिसऱ्या मजल्यावर कापसाचं बर्फ आलं. दुसऱ्या मजल्यावर कोणीतरी मेंढरांना खरी मेथी घातली. लिफ्टमध्ये लोक एकमेकांना विचारू लागले, "तुमच्या राजाच्या खांद्यावर केळी आहेत की नारळ?" सुमेध घरोघर हिंडून सांगत होता, "जपून हां, ओरखडा नको, मला परत न्यायचेत," पण ऐकतं कोण?

चोवीसला पाचच्या ठोक्याला बॅप्टिस्ट काका आले. पांढरा शर्ट, पायात नवे बूट, छातीशी धरलेली कापडी पिशवी. मागे ॲनिशा आणि गिटारवाली मंडळी. काका प्रत्येक घरी गेले, पिशवीतून कापसात गुंडाळलेलं बोटभर बाळ काढलं, गादीवर ठेवलं, डोळे मिटून पुटपुटले. गाणं झालं. मनोरमा काकूंनी काकांना चिवडा दिला, ॲनिशाला हळदीकुंकू लावलं आणि स्वतःच रडल्या.

"बाई," काका त्यांना म्हणाले, "बाळ आलं, आता हा गोठा या घराचा. बाळ ठेवलेला गोठा आम्ही विकत नाही, कोणाला देत नाही. दरवर्षी काढायचा."

सुमेध घाईने पुढे आला. "म्हणजे... कायमचा?"

"मग काय! वहीत नाव यांचंच आहे ना?"

"आमचंच आहे!" मनोरमा काकू ठणकावून म्हणाल्या आणि गोठ्यापुढे उभ्याच राहिल्या. सुमेध तिकडे एक पाऊल टाकेल तर शपथ.

सात घरी हेच झालं. बेचाळीस हजारांचे सात गोठे सुमेधच्या डोळ्यांदेखत सात घरांचे झाले, आणि वर प्रत्येक घरी त्याला टाळ्या वाजवायला लागल्या.

शेवटी त्याचं स्वतःचं घर आलं. टीपॉयवर उन्नतीने धुतलेलं कापड पसरलं होतं. कापडावर काही नव्हतं. कॅरोलवाली मंडळी जिन्यातच थांबली. सुमेधने तोंड उघडलं, "काका, आमचा, काय झालं, तो पॉलिशला..." उन्नतीने नुसतं पाहिलं. सुमेधने तोंड मिटलं.

"विकला," तो म्हणाला. "विकला काका. आठही विकले होते. सात परत आणले. या लोकांना काही माहीत नव्हतं, उन्नतीलाही. मीच लिहिली होती सगळी नावं."

बोलून झाल्यावर त्याला खरंच लाज वाटली. कान तापले, मान वर होईना. ॲनिशाचा हात तोंडावर गेला. उन्नतीने तिच्याकडे बघायचं टाळलं.

काका टीपॉयशेजारी बसले. "सतरा नंबर ठाण्याला गेला. ती पोरगी परवा पत्ता शोधत आली होती माझ्याकडे, आईला घेऊन, बाळ मागायला. मी दिलं. वहीत बघितलं, सतरा कोणाचा, तर तू." त्यांनी पिशवी मांडीवर घेतली. "वाईट वाटलं रे फार. दोन दिवस पटाशी हातात घेतली नाही. म्हटलं, मी रात्रंदिवस कोरतो ते काय बाजारात फिरवायला? वाटलं, जूचंद्रला जाऊच नये. मग म्हटलं, बघून तरी येऊ."

"चुकलं काका. तुम्ही सांगाल ते करतो."

"करशील?"

"शप्पथ!"

काकांनी पिशवीतून ती वही काढली आणि सुमेधच्या हातात ठेवली. "पुढच्या वर्षी इथली नावं तू लिहायची. जूचंद्र, नायगाव, सगळी. घरी जायचं, माणूस बघायचा, मग लिहायचं. घरात ठेवायला घेतोय की विकायला घेतोय, हे मला नाही ओळखता येत. तू बघताक्षणी ओळखशील."

सुमेधने वही दोन्ही हातांनी धरली. आयुष्यात त्याला इतका मोठा मान कोणी दिला नव्हता आणि इतकी सणसणीत चपराकही. ॲनिशा पुढे आली, उन्नतीच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "शाळा उघडली की डब्यात कोंबडीचं झणझणीत इंडियाल आणते, ये." तेव्हा कुठे उन्नतीने तिच्याकडे मान वर करून पाहिलं.

इतक्यात दारातून मनोरमा काकू आत घुसल्या. त्यांच्या कानावर तेवढं पुढच्या वर्षाचं आलं होतं.

"सुमेध, आत्ताच लिही बाबा! माझ्या लेकीला एक, जावेला एक, नणंदेला दोन, आणि भिशीतल्या बायकांना पाच."

सुमेधने वही छातीशी घट्ट धरली आणि काकूंकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"काकू," तो म्हणाला, "एका घराला एकच. आणि या नणंदेचा पत्ता सांगा आधी, मी स्वतः जाऊन बघणार."

हे ऐकून उन्नती जागच्या जागी खाली बसली.