मागे कोण बसलंय

गोरक्षच्या गाडीत मागे बसायला जागाच नव्हती, तरी मागून कुणीतरी ठोठावत होतं.

जागा त्यानेच काढून टाकली होती. २००४ साली नाशिकबाहेरच्या धावपट्टीवर सरळ रेषेत गाड्या पळवायची शर्यत ठरली, आणि या पठ्ठ्याने कसारा घाटात ठोकलेली मारुती भंगारातून उचलून आणली. गंगापूर रोडच्या घरामागच्या शेडमध्ये लहानू मेकॅनिकने नियमाप्रमाणे एकेक काम उरकलं. सीटा गेल्या, लोखंडी पाइपांचा पिंजरा आला, आणि टाकीतलं पेट्रोल अंगावर उसळू नये म्हणून मागची पोकळी पत्रा ठोकून बंद झाली. आधीच्या शर्यतीत गोरक्ष तपासणीतच बाद झाला होता. यंदाही झाला, तर शेडमध्ये पिठाची गिरणी बसवायचं त्याच्या आईने, नवसाबाईने, जाहीर करून टाकलं होतं.

धुक्यात त्र्यंबक रोडला गाडी नेली. ब्रेक दाबला की पत्र्याआडून टक, टक. गाडी थांबली की शांत. गोरक्षने गाडी तशीच शेडकडे वळवली.

"जुना मालक आसंल," लहानू म्हणाला. "घाटात गेला ना तो."

"पत्रा काढून बघू?"

"बघा की. पण आतून हात आला तर धरायचा कुणी?"

दारात उभी असलेली नवसाबाई हळूच म्हणाली, "नको काढू रे. आत हाय त्याला राहू दे."

ते ऐकून गोरक्षचं उरलंसुरलं अवसान गेलं. पत्रा तसाच राहिला.

शर्यतीच्या दिवशी तपासनिसाने गाडीत बसून ती थोडी पुढे नेली आणि ब्रेक दाबला. टक, टक.

"आत काय आहे?"

"मालक," लहानू म्हणाला.

"मालक तर हे उभे आहेत."

"यांच्या आधीचे."

पत्रा उचकटून तपासनिसाने हात आत घातला. गोरक्षने डोळे मिटले. उघडले तेव्हा तपासनिसाच्या हातात लाल फडक्यात बांधलेला, हळदकुंकू लावलेला नारळ होता.

"गाडीत सुटी वस्तू चालत नाही. वेगात असताना डोक्यात बसते. गाडी बाद."

"नवसाचा हाय," नवसाबाई पुढे झाली. "फिटल्याबिगर हलवायचा नसतो, न् सांगायचाबी नसतो."

"कसला नवस, आई?"

"तुला हितं पळायची पाळी येऊ नये म्हणून."

गोरक्षला रडू येत होतं, आणि राग आईवर काढावा की देवावर, तेही कळत नव्हतं.

संध्याकाळी शेडच्या दारात नारळ फुटला. नवसाबाईने सगळ्यांना खोबरं वाटलं आणि गिरणी कुठे बसवायची ते वितीने मोजायला घेतलं. जागा मोकळी करायला गोरक्षने गाडी बाहेर काढली. मागचा पत्रा उघडाच होता, पोकळीत फक्त अंधार होता. फाटकाशी त्याने ब्रेक दाबला.

टक, टक.

लहानू जागीच खाली बसला. गोरक्षने आईकडे पाहिलं. तिचा खोबऱ्याचा तुकडा तोंडाशीच थांबला होता.

"गोरक्षा," ती म्हणाली, "मी एकच ठेवला होता."

मग तिने पदर डोक्यावर घेतला आणि मागच्या काळोखाकडे बघत आदराने म्हणाली, "गाडी आत घे. गिरणी अंगणात बसवू."