सिलंट आणि तुळशीचं लग्न

"आता या घरात गळती हा विषय संपला," निशिकांतने फटी बुजवायच्या सिलंटची गन खांद्याला लावून जाहीर केलं. बँकेत दिवसभर रिस्क सांभाळणाऱ्या माणसाला घराची एक फट बुजवता येऊ नये म्हणजे काय!

सिंगापुरातल्या टॅम्पिनीसचा फ्लॅट विकून घेतलेलं हे रांगेतलं टेरेस हाऊस, आणि त्याचं बेसमेंट म्हणजे त्याच्या बायकोचा, शुभदाचा जीव की प्राण. नोकरी सोडून ती तिथे कथकचा क्लास काढणार होती. लाकडी जमीन घालून झाली होती, उद्घाटन रविवारी. पण पोर्चचं काँक्रीट जिथे घराच्या भिंतीला टेकतं, तिथल्या फटीतून पाणी थेट खाली उतरायचं. लाकूड फुगलं की क्लास बुडालाच म्हणायचा. काँट्रॅक्टर पुढच्या महिन्याच्या गोष्टी करू लागला, तेव्हा निशिकांतने दोन व्हिडिओ बघून कंबर कसली.

काम त्याने मन लावून केलं, हे मात्र मानायला हवं. फटीतली माती खरवडली, फोमची दोरी ठासली, वरून सिलंट भरून बोटाने गुळगुळीत केलं. अडचण एकच होती. पुण्याहून आलेल्या सासूबाईंनी, शैलाताईंनी, तुळशीची कुंडी नेमकी त्या फटीवर मांडली होती, आणि तुळशीचं लग्न लागेपर्यंत ती जागची हलणार नाही असं बजावलं होतं. सासूबाईंपुढे जावई काय बोलणार! त्याने कुंडीच्या अलीकडे सिलंट भरलं, पलीकडे भरलं आणि मधली वीतभर फट देवावर सोडली.

दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन, आणि बेसमेंटच्या भिंतीवर ओघळ! निशिकांत चक्रावलाच. पाऊस नाही, नळ बंद. त्याने शेजारच्या मिसेस टॅनच्या एसीवर संशय घेतला. त्या बिचारीने एसी बंद ठेवला आणि वर संत्री पाठवली. तरी पुढच्या सकाळी ओघळ हजर. अखेर त्याने शुभदाला टॉर्च देऊन खाली उभं केलं आणि स्वतः पोर्चमध्ये गाडीमागे दबा धरून बसला.

शैलाताई आल्या. त्यांनी तुळशीला एक तांब्या पाणी घातलं, मग दुसरा घातला, हात जोडले. गाडीमागून जावई उगवलेला पाहून त्या जराही दचकल्या नाहीत.

"शुभदाचा क्लास छान चालू दे म्हणून रोज एक तांब्या जास्तीचा घालते हो," त्या म्हणाल्या.

तेवढ्यात खालून शुभदा ओरडली, "आलं! पाणी आलं!"

निशिकांतला सांगायचा धीर होईना. शुभदाने वर येऊन सगळं सांगितलं, तेव्हा शैलाताईंचा चेहरा एवढासा झाला. लेकीच्या क्लासवर आपल्याच हाताने पाणी ओततोय म्हणजे काय! पण बाई खमकी. आज द्वादशी आहे, पौर्णिमेची वाट कशाला बघायची, लग्न आज संध्याकाळीच लावू, असं त्यांनी ठरवूनच टाकलं. जवळच्या खाऊच्या टपऱ्यांमधल्या, म्हणजे हॉकर सेंटरच्या, रसवाल्याकडून ऊस आला. मिसेस टॅननी हौसेने अक्षता टाकल्या. मंगलाष्टकं संपताच निशिकांतने नवरीला उचलून फाटकाशी नेऊन ठेवलं आणि प्रसादाआधी फट भरून घेतली. इतक्या घाईने सासरी गेलेली मुलगी कुणी पाहिली नसेल.

रविवारी आभाळ फाटल्यासारखा पाऊस लागला. खाली पालक जमले, मुलींनी घुंगरं बांधली, लाकूड खडखडीत कोरडं होतं. निशिकांतला मात्र राहवेना. तो भर पावसात पोर्चच्या कडेला उभा राहून फटीकडे बघत बसला. पाणी सिलंटवरून सरळ गटाराकडे चाललं होतं. त्याला इतकं भरून आलं की तो तसाच धावत खाली गेला आणि क्लासच्या मधोमध उभा राहून म्हणाला, "शुभदा, एक थेंब आला नाही!"

टाळ्या वाजल्या नाहीत. सगळे त्याच्या पायांकडे बघत होते. नव्याकोऱ्या झब्ब्यातून धारा लागल्या होत्या आणि लाकडावर भलंमोठं तळं पसरत चाललं होतं.

"थेंब कसा येईल," त्याच्या हातात पुसायचं फडकं देत शुभदा म्हणाली, "अख्खी टाकीच जिन्याने उतरली."