कपाटाचा तोल

“आमची मनं राखत बसू नका हं बाई. जे वाटेल ते तोंडावर सांगा. तुम्ही नुसत्या पेशंट नाही, आमच्या सहसंशोधक आहात,” असं फिजिओथेरपिस्ट मुलीने कमरेला पट्टा बांधताना बजावलं होतं. ग्रंथपालबाईंनी मान डोलावली होती. पण सारी नोकरी वाचनालयात हळू आवाजात गोड बोलण्यात गेलेली. तोंडावर सांगणं त्यांच्या तोंडाला ठाऊकच नव्हतं.

मल्टिपल स्क्लेरोसिसने बाईंच्या नसांचं आवरण जागोजागी कुरतडलं होतं. मेंदूने धाडलेला निरोप डाव्या पायापर्यंत पोचेपोचेतो वाटेतच कुठेतरी बसून राही. गेल्या झटक्यानंतर तर त्यांनी अंथरूणच धरलं. तिथून त्यांना उठवून उभं केलं ते या मुलीने. बाई रडल्या की तीही रडायची आणि डोळे पुसून म्हणायची, “चला, आता पुन्हा.” सकाळी हात जोडले की बाई देवाकडे आधी तिच्यासाठी मागत, मग स्वतःसाठी.

हा पट्टा त्याच मुलीच्या डोक्यातून निघालेला. उभं असताना भार एका बाजूला गेला की तो ‘घर्रर्र’ करी, म्हणजे माणसाने लगेच सरळ व्हावं. घरी दिवसभर बांधायचा. तोलाची नोंद तो आपोआप ठेवून मुलीकडे पाठवणार.

बाई भाजी चिरताना ओट्याला टेकल्या. घर्रर्र! दार उघडून चौकटीला टेकल्या. घर्रर्र! “मिक्सर बिघडलाय का हो तुमचा?” शेजारणीने विचारलं. “अगं, घरात भुंगा शिरलाय!” म्हणत नवरा वर्तमानपत्राची सुरळी घेऊन धावला आणि थेट बाईंच्या कमरेपाशी येऊन थांबला.

दुपार झाली की या आजाराचा थकवा असा चढे, की टेकल्यावाचून गत नसे. आणि टेकलं की पट्टा ओरडे. शेवटी बाईंनी तो काढला.

“मग बंद तरी कर,” नवरा म्हणाला.

“बंद केला तर तिला कळेल ना हो. किती वाईट वाटेल पोरीला!”

म्हणून चालू पट्टा कपाटात, चादरींच्या घडीवर निजवण्यात आला. कपाट काही हलत नाही, त्यामुळे पट्टाही गप्प. मुलगी दर भेटीत विचारी, “कसा आहे?” बाई म्हणत, “छान आहे गं बाळा.”

मग एके दिवशी तिचा फोन आला. “बाई, काय तोल आहे तुमचा! दिवसभर सुतासारख्या सरळ! आमच्या विभागप्रमुख सरांचा विश्वासच बसेना. दुसरा पट्टा ज्यांना दिलाय, त्या ड्रायव्हरकाकांचं पण तसंच. आता हा पट्टा सगळ्या पेशंटना द्यायचा ठरलाय. उद्या दुपारी सर पाहुण्या डॉक्टरांपुढे मांडणार आहेत. सकाळी याल ना, दोन शब्द बोलायला?”

बाईंनी फोन ठेवला आणि नवऱ्याला सगळं सांगितलं.

“तुझा कसला तोल? कपाटाचा!” नवरा म्हणाला. “सांगून टाक.”

“इतकी खूश आहे हो ती.”

“आणि उद्या जे लोक हा पट्टा बांधून ओट्याशी उभे राहतील, त्यांचं काय?”

बाईंनी कपाट उघडून पट्टा बाहेर काढला.

दुसऱ्या दिवशी व्यायामाच्या खोलीत ड्रायव्हरकाका आधीच हजर होते. जन्मभर बस चालवलेला माणूस, आता याच आजारामुळे हातात काठी. दोघांच्या कमरेला पट्टे होते. मुलीने चित्रीकरणासाठी मोबाइल समोर धरला. “उभ्यानेच बोला बाई. अगदी मनापासून.”

“हा पट्टा फार सोयीचा आहे,” बाई म्हणाल्या. खोटं बोलताना अंग चोरलं गेलं आणि भार डावीकडे झुकला. घर्रर्र!

“म्हणजे, वाजतो कधीतरी, पण त्रास नाही.” घर्रर्र!

“बाई घाबरल्यात. मी सांगतो,” काठीवर रेलत काका पुढे सरसावले. “हा पट्टा म्हणजे वरदान!” घर्रर्रर्र! “बांधलाय तेसुद्धा कळत नाही!” काकांचा पट्टा असा गरजला, की काकांनीच पोट धरलं.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

“काका, घरी तुमचा कुठे असतो?” बाईंनी हळूच विचारलं.

“खुंटीवर. तुमचा?”

“कपाटात.”

मुलीच्या हातातला मोबाइल खाली आला. “म्हणजे मी एवढे दिवस कपाटाचा अभ्यास केला?”

“आणि खुंटीचा,” काका म्हणाले. “भिंत पक्की आहे गं माझी.”

बाईंचे डोळे भरून आले. “चुकलं आमचं. तू आम्हाला पायावर उभं केलंस, तुझ्या वस्तूला नावं कशी ठेवायची? पण मी टेकते ना, तेव्हा तोल गेलेला नसतो गं. दम खात असते. तेवढ्यावरच माझा स्वयंपाक पार पडतो.”

मुलगी व्यायामाच्या मोठ्या चेंडूवर मटकन बसली आणि खो खो हसायला लागली. “मीही एकदा दिवसभर बांधला होता. संध्याकाळी खिडकीतून फेकावासा वाटला! पण तुम्हाला इतका आवडलेला. म्हटलं, यांचं मन कसं मोडू?”

“घ्या!” काका म्हणाले. “तिघंही एकमेकांच्या भल्यासाठी खोटं बोलतोय, आणि बोंब मारतोय पट्टा!”

हसता हसता मुलगी एकदम थांबली. “पण दुपारी सर... त्यांना कोण सांगणार?”

“मी,” बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज त्यांनाच अनोळखी वाटला. “शब्द देते तुला. पट्टा कपाटात मीच ठेवला होता हे सांगीन, तुझ्यावर काही येऊ देणार नाही. मग पुढचा पट्टा आपण तिघं बसून करू. दम खाणारं माणूस ज्याला ओळखू येईल, असा.”

“थांबा, मी सोबत येते.”

“तू आधी तोंड धू. काका, हिला पाणी द्या.”

बाईंनी पट्टा सोडून टेबलावर ठेवला, मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं आणि आपली काठी उचलली. सरांची खोली व्हरांड्याच्या पार टोकाला होती. अर्ध्या वाटेवर पाय जड झाला, तशा त्या सगळ्यांच्या देखत भिंतीला खुशाल टेकल्या.

“आजी, बरं वाटत नाहीये का?” जाणाऱ्या नर्सने विचारलं.

“छान वाटतंय,” बाई म्हणाल्या, आणि या खेपेला ते खरं होतं. दम खाऊन झाल्यावर त्यांनी पदर सारखा केला आणि त्या सरांच्या दाराकडे निघाल्या.