किसनआबांचा कागद

मशीन आल्यापासून किसनआबा मतदान केंद्रात ओरडले नाहीत अशी एकही निवडणूक आमच्या साखरा गावात झाली नाही.

दोन हजार साल उलटलं आणि शिक्का जाऊन बटण आलं. त्या पहिल्या वेळी रांगेत मी आबांच्या मागेच होतो. बोटाला शाई लावून ते आडोशाला गेले आणि तिथूनच गरजले, "कागद कुठंय?"

"आबा, बटण दाबा," केंद्राध्यक्ष म्हणाले.

आबांनी दाबलं. पीऽऽ वाजलं.

"झालं तुमचं मतदान."

"वरडलं म्हंजी झालं? आमची शेळी बी वरडती! मत कुठं पडलं ते दाखवा."

"ते दाखवता येत नाही."

"काहून? मी चोरी करून राहिलो का?"

रांग खोळंबली. शेवटी पोलिसानं दंडाला धरून बाहेर काढलं, तर आबा त्यालाच समजावू लागले, "ज्याला बटण पायजे त्याला बटण द्या, ज्याला कागद पायजे त्याला कागद. एवढं बी न्हाई जमत सरकारला?"

'एवढं बी न्हाई जमत' हे त्यांचं ठरलेलं वाक्य. एसटी उशिरा आली तरी तेच, चहात साखर कमी पडली तरी तेच.

मी हायस्कुलात कारकून, म्हणून कागद मागणारे अर्ज लिहिणं माझ्याकडे आलं. आबा ओट्यावर फेऱ्या मारत सांगायचे. मी 'नम्र विनंती' लिहिलं की भडकायचे. "नम्र काहून? मत माझं हाय!"

तालुक्याला पाच अर्ज गेले. उत्तर एकाचंही नाही. सुरुवातीला मी मनात हसायचो, पण पाचव्या अर्जानंतर माझंच डोकं फिरलं. देणार नसाल तर नाही म्हणा! म्हाताऱ्या माणसाला एक ओळ लिहायलाही कुणाला वेळ नाही?

एकदा न राहवून विचारलं, "आबा, कागदाचं एवढं काय घेऊन बसलात?"

आबा खाली बसले. "मी पंचायतीला उभा होतो, ध्यानात हाय?"

होतं की. शिक्क्याच्या काळातली गोष्ट. आबांना दोनच मतं पडली होती आणि गाव महिनाभर हसलं होतं. त्यांची बायको गयाकाकू तेव्हा वर्षभर त्यांच्याशी बोलत नव्हती. तिला न विचारता आबांनी तिची गाय विकली होती. 'ह्या माणसाला माझं मत न्हाई,' असं तिनं हापशावर सगळ्या बायांसमोर सांगितलं होतं.

"मोजणीला मी टेबलापाशी उभा," आबा म्हणाले. "एक मत माझं. दुसरा कागद निघाला, त्याला विड्यासारखी तिकोनी घडी. तसली घडी गावात एकच बाई घालायची. वरीसभर तिनं मला पान दिलं नव्हतं."

"मग?"

"मग काय! घरी आलो. ती भाकरी थापून राहिली होती. तिनं वर बघितलं न्हाई."

"तुम्ही विचारलं नाही?"

"कसं विचारू? मत गुपित असतंय."

आबा उठून पुन्हा ओट्यावर फेऱ्या मारू लागले.

"पुढल्या साली ती गेली. बोलणं तसंच राहिलं."