दिपोटींची रिकामी गाडी

माघ वद्य चतुर्थी, मंगळवार. शाळेपुढे हजर: मी म्हणजे हेडमास्तर, दुय्यम मास्तर गोविंदराव, गावचे पाटील, चाळीसपैकी नऊ मुले, हार एक, नारळ एक. गाडीत हजर: कोणी नाही.

"मास्तर, गारीन कोनुच नाय!" पाटील ओरडले.

ही खोड शाळाखात्याच्या डेप्युटींची. ठाण्याच्या खाडीकाठी सगळे त्यांना दिपोटी म्हणत. तपासणीला गाडी रस्त्याने रिकामी पाठवायची आणि आपण आडवाटेने चालत येऊन मागल्या दाराने शाळेत शिरायचे. "मास्तर भ्याला की शाळा सुधारते," हे त्यांचे ब्रह्मवाक्य. दुसरे, "ज्याच्या घरी जेवलो, त्याला झापता येत नाही." म्हणून शिदोरी सोडायची ती चिंचेखाली, शाळेकडे पाठ करून, एकट्याने. एकदा माझ्या मेजावरच्या धुळीत त्यांनी बोटाने 'लाज' असे लिहिले आणि शेरेबुकात ताकीद दिली: पुसू नये. ती धूळ मी आठ दिवस राखली!

मागल्या शेऱ्यात तर त्यांनी लिहिले होते: पुढील खेपेस निम्मी मुले नसल्यास शाळा बंद. आता ऐन मिठाच्या हंगामात आमची मुले आईबापांबरोबर मिठागरावर असतात. तपासणी पावसाळ्यात ठेवा, असे मी खात्याला तीनदा लिहिले. उत्तर नाही. पाटलांना विनवले, तर म्हणाले, "मीठ काय थांबनार हाय, मास्तर?"

मागले दार पाहिले. तिथेही दिपोटी नाहीत. तासाभराने गोविंदराव मिठागराच्या बांधावरून धावत आले. "अहो, ते तिकडे परीक्षा घेताहेत!"

मी हारासकट धावलो. दिपोटी बांधावर बसलेले, जोडे बाजूला, गुडघ्यांपर्यंत चिखल. पुढे आमची एकतीस मुले ओळीने पावकीचा पाढा म्हणत होती. शिदोरीचे फडके रिकामे होते आणि शेवटची दशमी एक चिमुरडी चावत होती.

त्यांनी शाळेपासून शेरेबुक आणि आपली गाडी मागवली आणि लिहिले: "आज शाळा मिठागरावर भरली. येथे एकतीस, तेथे नऊ, पट पूर्ण. शाळा चालू ठेवावी. हेडमास्तर जागेवर नव्हते."

"साहेब, मी तुमच्याच गाडीपुढे उभा होतो!"

"भीती राहिली पाहिजे, मास्तर."

माझा संताप मस्तकात गेला. जोडे चढवताना मान वर न करता ते म्हणाले, "तुमच्याकडे कढी कशाची करतात हो?"

"ताकाची," मी तुटकपणे म्हटले.

"आमच्याकडे कुळथाची होत असे. आमची मंडळी हयात होती तेव्हा." आणि ते गाडीत बसले.

त्या दिवसाच्या यादीतली कामे मी उरकली. हार मारुतीला घातला, नारळ मुलांत वाटला, शेऱ्यातल्या त्या शेवटच्या वाक्याविरुद्ध खात्याला अर्ज धाडला. मग यादीत एक काम वाढवले, ते अजून तसेच आहे: दिपोटींना जेवायला बोलावणे. कढी कुळथाची.